विहीर, भिंत, अंथरूण : हिवतापाच्या प्रतिबंधाची एक कथा

मराठी साहित्यात रोगांना जी जागा मिळाली आहे, ती मोठी विषम आहे. प्लेगचे नाव काढताच आपल्यासमोर एक संपूर्ण कालखंड उभा राहतो : १८९६ सालची मुंबई, १८९७ सालचे पुणे, घराघरांतून फिरणारे गोरे सोजीर, गावाबाहेरच्या झोपड्या, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी निधन पावलेल्या सावित्रीबाई फुले आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळ्या. आत्मचरित्रे, कादंबऱ्या, नाटके, चित्रपट या सगळ्यांनी प्लेगची दखल घेतली. हिवतापाच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही.

योगायोग असा, की त्याच १८९७ सालात, रँडच्या वधानंतर दोन महिन्यांच्या आत, २० ऑगस्ट रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाच्या परोपजीवीचे अस्तित्व दिसले. टिळकांवरील राजद्रोहाचा खटला तेव्हा अजून उभा राहायचा होता. पुढल्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून रॉसने डासाकडून रोग कसा पसरतो याची साखळी पूर्ण केली आणि १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. प्लेगच्या गदारोळात ही घटना मराठी मनाला जाणवली नाही, याचे नवल नाही. नवल याचे, की ती नंतरही जाणवली नाही. वास्तविक ब्रिटिश अमदानीतल्या मृत्यूंच्या नोंदींत सर्वांत मोठा रकाना प्लेगचा किंवा पटकीचा नसून 'ताप' या एका शब्दाचा असे, आणि त्या तापातला मोठा वाटा हिवतापाचा होता.

याचे कारण उघड आहे. प्लेग ही घटना होती. हिवताप हा ऋतू होता. तो पावसाबरोबर येई, भातकापणीपर्यंत राही, दरवर्षी काही माणसे नेई आणि उरलेल्यांना अर्ध्या ताकदीचे करून जाई. जे दरवर्षी घडते त्याची कथा होत नाही. परंतु त्याचा इतिहास होऊ शकतो. आणि हिवताप टाळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास वाचताना आम्हांला त्यात एक दिशा दिसली. हा प्रयत्न विहिरीपासून सुरू झाला, तेथून घराच्या भिंतीवर आला आणि शेवटी अंथरुणापाशी पोहोचला. म्हणजे तो पायरीपायरीने माणसाच्या शरीराजवळ येत गेला. जसजसा तो जवळ आला, तसतसे हुकूम आणि कायदे दुबळे ठरत गेले व माणसाच्या संमतीला, आणि मुळात त्याला निजायला जागा आहे की नाही या प्रश्नाला, महत्त्व आले. हेच या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दांविषयी

'मलेरिया' हा शब्द इटालियन. त्याचा अर्थ 'वाईट हवा'. दलदलीवरून येणाऱ्या दूषित हवेने हा ताप येतो, ही जुनी चुकीची उपपत्ती त्या शब्दात गोठून राहिली आहे. आपला 'हिवताप' त्या मानाने प्रामाणिक. तो कारण सांगत नाही, फक्त अनुभव सांगतो : आधी हीव, मग ताप. आयुर्वेदाने विषमज्वराचे प्रकार पाडताना एक दिवसाआड येणाऱ्या तापाला तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणाऱ्याला चतुर्थक म्हटले. हे निरीक्षण आजच्या परोपजीवीशास्त्राशी जुळणारे आहे. सुश्रुताने डासांचे पाच प्रकारही सांगितले आहेत. मात्र त्यावरून प्राचीनांना डास आणि हिवताप यांचा संबंध ठाऊक होता असा निष्कर्ष काढणे बरे नव्हे. डास एका प्रकरणात आहेत आणि ज्वर दुसऱ्या. त्यांच्यामधली वाट १८९७-९८ पर्यंत कोणी चालले नव्हते.

'मच्छरदाणी' हा शब्द तर गमतीचा आहे. अत्तरदाणी अत्तर ठेवण्यासाठी, गुलाबदाणी गुलाबपाण्यासाठी, पिकदाणी पिंकेसाठी. 'दाणी' हा फारसीतून आलेला प्रत्यय पात्र दाखवतो. त्या न्यायाने मच्छरदाणी म्हणजे मच्छर ठेवण्याचे पात्र! प्रत्यक्षात तिच्यात निजतो माणूस आणि मच्छर बाहेर राहतात. संस्कृतातला 'मशहरी' हा शब्द व त्यावरून आलेली हिंदी 'मसहरी' अर्थाच्या दृष्टीने अधिक सरळ आहेत. हे शब्द एवढेच सांगतात, की डासांपासून वाचण्यासाठी जाळीखाली निजण्याची रीत आपल्याकडे रोगाचे कारण कळण्याच्या आधीपासून होती. ती सुखवस्तूंची सोय होती. औषध म्हणून तिच्याकडे पाहिले जाऊ लागले ते फार नंतर.

विहीर

मुंबईत हिवतापाशी पहिला पद्धतशीर सामना झाला तो विहिरींच्या काठी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शहरात, विशेषतः कोट विभागात आणि गोद्यांच्या परिसरात, हिवतापाने जोर धरला, तेव्हा डॉ. चार्ल्स बेंटली यांच्याकडे चौकशीचे काम देण्यात आले. १९११ सालच्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष अनपेक्षित होता. या शहरातल्या हिवतापाचा मुख्य वाहक दलदलीत वा भातखाचरात वाढत नाही. तो विहिरींत, हौदांत, टाक्यांत, कारंज्यांत वाढतो. हा ॲनॉफिलीस स्टीफन्सी जातीचा डास. म्हणजे रोगाचे घर शहराबाहेरच्या घाणीत नव्हते, ते चांगल्या घरांच्या अंगणातल्या स्वच्छ पाण्यात होते.

विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असा उपाय पुढे आला आणि वाद पेटला. पारशी समाजाच्या दृष्टीने वाहत्या झऱ्याचे, उघड्या आकाशाखालचे पाणी पवित्र. हिंदूंच्या घरी विहिरीची पूजा. कित्येक विहिरींशी नवस, पीर, आसरा जोडलेल्या. महापालिकेच्या सेवेत असलेले रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी विहिरींशी निगडित समजुतींचा अभ्यास करून १९१८ साली विहिरींच्या लोककथांवर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. साहित्याच्या अभ्यासकांनी हे ध्यानात ठेवावे, की लोकसाहित्याच्या अभ्यासातला हा एक महत्त्वाचा ग्रंथ हिवतापविरोधी मोहिमेच्या सावलीत जन्मला. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही श्रद्धेने जपली जाते. तिच्या बहिणी मात्र शेकड्यांनी बुजल्या.

विहिरीचा प्रश्न कायद्याने सोडवता येण्याजोगा होता. विहीर एका जागी असते, तिला मालक असतो, मालकाला नोटीस बजावता येते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील कलम ३८१ अन्वये आजही डासांची पैदास होऊ देणाऱ्या घरमालकांना नोटिसा जातात. पण खेड्यात हे कसे जमावे? तेथे डास ओढ्याच्या काठी, कालव्याच्या गळतीत, खाचराच्या बांधाशी, खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यात वाढतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या संथ ओढ्यांत फ्लुव्हिआटिलिस आणि कालवे-डबक्यांत क्युलिसिफेसीस या जाती वाढतात. ओढ्याला नोटीस बजावता येत नाही.

भिंत

दुसरा टप्पा भिंतीचा. १९३९ साली पाउल म्यूलर या स्विस रसायनज्ञाने डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखला. डास रक्त प्याल्यावर जड होऊन जवळच्या भिंतीवर विसावतो. त्या भिंतीवर आधीच औषध असेल, तर तो तेथेच मरतो आणि त्याच्या पोटातला परोपजीवी दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे पाणी शोधत हिंडण्याची गरज नाही. घरे गाठली की झाले.

या विचाराचा खेड्यापाड्यांतला मोठा प्रयोग तत्कालीन मुंबई प्रांतातच झाला. डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली १९४५ पासून धारवाड आणि उत्तर कानडा जिल्ह्यांत फवारणी सुरू झाली. तिच्या यशातून देशव्यापी योजनेला आधार मिळाला. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५८ साली 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' हा शब्द आला. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एका लाखाच्या आसपास उतरली आणि मृत्यूची नोंद शून्यावर आली. स्वतंत्र भारताच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात याच्या तोडीची यशे थोडी आहेत.

ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना या काळाच्या खुणा आठवतील : पाठीवर पंप घेतलेले फवारणीचे कर्मचारी, भिंतीवर रंगाने लिहिलेल्या तारखा, पंधरवड्याने दारात येऊन बोटाला सुई टोचणारा मलेरियावाला, काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब आणि क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या. त्याआधीच्या पिढीच्या जिभेवर 'कोयनेल' होते. मराठीने क्विनाइनला दिलेले हे घरगुती रूप आता कोशातच उरले आहे.

पण भिंत म्हणजे विहीर नव्हे. भिंतीच्या आत देवघर असते, माजघर असते, बाळंतिणीची खोली असते. फवारणीसाठी भांडीकुंडी बाहेर काढावी लागत. औषधाचा वास येई आणि भिंतीवर पांढरे डाग पडत. मग सण आला, की बायका त्या भिंती सारवून अथवा चुन्याने रंगवून टाकीत आणि औषध सारवणाखाली गाडले जाई. यात अडाणीपणा शोधणे सोपे आहे. परंतु घर सारवणे हा गृहिणीचा रोजचा धर्म होता आणि भिंतीवरचे औषध हा सरकारचा वर्षातून एकदोनदा येणारा कार्यक्रम. दोघांची गाठ कोणी घालून दिली नव्हती.

विश्वनाथन यांनी १९५८ साली आपल्या कामाचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच हिवतापावरील विजयाची भाषा होती, आणि त्या घटकेला ती अवास्तव नव्हती. पण डासांत डीडीटीला आणि परोपजीवीत क्लोरोक्विनला प्रतिकार निर्माण झाला, औषधांचा पुरवठा अपुरा पडला, शहरांतल्या टाक्यांकडे दुर्लक्ष झाले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोग गेला असे सर्वांना वाटू लागले. १९७६ साली देशात सुमारे ६४ लाख ७० हजार रुग्णांची नोंद झाली. रोगाने माघार घेतली होती, तेवढ्यात आपण त्याला विसरलो होतो.

अंथरूण

तिसऱ्या टप्प्याची कथा मुख्यतः आफ्रिकेत घडली, आणि त्यालाही कारण आहे. १९५५ साली जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाची जी जगव्यापी मोहीम आखली, तिच्यातून सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बहुतेक आफ्रिका वगळण्यात आली होती. तेथला रोग फार तीव्र, डास फार कार्यक्षम आणि यंत्रणा फार तुटपुंजी, असे मानले गेले. भिंतीचा टप्पा ज्यांच्या वाट्याला नीट आलाच नाही, त्यांना पुढे अंथरुणाच्या टप्प्याची वाट पाहावी लागली.

आफ्रिकेतला मुख्य वाहक डास मध्यरात्रीनंतर, घरात, झोपलेल्या माणसाला चावतो. तेव्हा झोपलेल्या माणसाभोवती जाळी असावी आणि त्या जाळीलाच कीटकनाशक लावलेले असावे, ही कल्पना १९८० च्या दशकात आकाराला आली. गांबियातील प्रयोगाचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. एक ते चार वर्षांच्या मुलांतील मृत्यूंमध्ये ६३ टक्के घट दिसली होती. पुढे १९९६ मध्ये केनियातील किलिफी येथून ३३ टक्के आणि उत्तर घानातून १७ टक्के घटीचे निष्कर्ष आले. आकडे जागेनुसार बदलले, दिशा बदलली नाही. साध्या जाळीला भोक पडले की ती निरुपयोगी; औषधी जाळीवर बसलेला डास मात्र मरतो. म्हणून पुरेशा घरांत जाळ्या असल्या, की ज्याच्या घरात ती नाही त्याचेही काही प्रमाणात रक्षण होते. पश्चिम केनियातील अभ्यासात हा परिणाम सुमारे ३०० मीटरपर्यंत आढळला. एकाची झोप दुसऱ्याला राखते, असा याचा अर्थ.

एप्रिल २००० मध्ये नायजेरियातील अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी या कामाचा संकल्प केला. मग प्रश्न आला पैशांचा. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही, लोक जाळ्या मासे धरायला वापरतील, तेव्हा थोडी तरी किंमत घ्यावी, असे पुष्कळ शहाण्यांचे मत होते. जेसिका कोहेन आणि पास्कलीन द्युपा या अर्थशास्त्रज्ञांनी केनियातील गरोदर स्त्रियांच्या दवाखान्यांत हे मत तपासले आणि २०१० साली निष्कर्ष मांडले. फुकटऐवजी जेमतेम ६० सेंट किंमत लावताच जाळी घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्क्यांच्या अंशांनी घसरले. आणि पैसे देऊन घेणाऱ्या स्त्रिया ती फुकट मिळालेल्यांपेक्षा अधिक वापरतात असेही आढळले नाही. मासे धरण्याचे प्रकार घडलेच नाहीत असे नाही. पण त्यावरून गरिबाच्या विवेकाविषयी काढलेला निष्कर्ष टिकला नाही. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे सुमारे ६६ कोटी ३० लाख प्रसंग टळले आणि त्यांतले ६८ टक्के श्रेय या जाळ्यांचे, असे २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले.

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधी मच्छरदाण्या २००९ पासून आल्या. महाराष्ट्रात त्यांची खरी गरज गडचिरोलीला. तेथला हिवताप मराठी वाचकाला कळला तो डॉक्टरांच्या लेखनातून. १९७३ साली हेमलकशात सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची हकिगत डॉ. प्रकाश आमटे यांच्या 'प्रकाशवाटा'त आहे. ललित साहित्याने जे केले नाही, ते अशा आत्मकथनांनी थोडेफार केले.

खांब परिसराकडे पाहताना

हा सारा इतिहास आम्ही मुद्दाम आपल्या जवळच्या भूगोलावर ठेवून पाहिला. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान, रोहे तालुक्यात खांब हे गाव आहे. जवळून वाहणाऱ्या कुंडलिकेचे पाणी बारमाही आहे, कारण ते केवळ तिचे नाही. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाने ज्याचे नाव मराठी इतिहासात कोरले गेले, त्या मुळशीच्या धरणाचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते, तेथून कुंडलिकेत पडते आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी रोहे-माणगावच्या शेतीला जाते. या पाण्याने उन्हाळी भात दिला. पण कालव्याचे पाणी जेथे जेथे गळते आणि साचते, तेथे तेथे क्युलिसिफेसीसला जागा होते, हा सगळ्या देशाचा अनुभव आहे. पाणी आले की त्याच्याबरोबर हिवतापाचा विचारही यायला हवा; तो बहुधा उशिरा येतो.

याच पट्ट्यात, पेण आणि रोहे तालुक्यांतील डोंगरांच्या कुशीत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. दिवाळीनंतर यांतली पुष्कळ कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. या काळात त्यांचे घर म्हणजे भट्टीशेजारचे खोपटे. आता वरील तीन टप्पे त्यांना लावून पाहावेत. त्यांच्या मालकीची विहीर नाही, तेव्हा विहिरीचा कायदा त्यांच्यासाठी नव्हता. खोपट्याला फवारण्याजोगी भिंत नाही. वाडीतल्या घराला आहे, पण फवारणीवाला आला तेव्हा घराला कुलूप होते. उरली मच्छरदाणी. तिला चार कोपरे बांधायला चार खांब लागतात, खाली पसरायला अंथरूण लागते आणि डास चावण्याच्या वेळी निजायला मिळावे लागते. पहाटेच्या अंधारात विटा पाडायला उठणाऱ्या माणसाला आणि रात्रभर कोळशाची भट्टी राखणाऱ्याला जाळी देऊन भागत नाही. आफ्रिकेतील मच्छीमार, गुराखी आणि रात्रपाळीचे मजूर यांच्याबाबतही अभ्यासकांना हाच पेच पडला आहे. मच्छरदाणी हे फार चांगले साधन आहे. पण ते गृहीत धरते, की माणसाला घर आहे आणि त्याची रात्र त्याची स्वतःची आहे.

परत विहिरीकडे

इतिहास सरळ रेषेत जात नाही, याचा पुरावा सध्या आफ्रिकेतच मिळतो आहे. बेंटलींनी मुंबईच्या विहिरींत ओळखलेला तो स्टीफन्सी डास २०१२ साली जिबूतीत आढळला आणि त्यानंतर इथिओपिया, सुदान असे करीत तो पसरत आहे. तो शहरात राहतो, पाण्याच्या टाक्यांत वाढतो, आणि घराबाहेर व संध्याकाळीही चावतो, म्हणून केवळ जाळीने आटोपत नाही. २०२२ साली इथिओपियातील दिरे दवा शहरात त्याच्यामुळे मोठा उद्रेक झाला. अंथरुणापर्यंत पोहोचलेल्या आफ्रिकेला आता मुंबईचा विहिरींचा आणि टाक्यांचा जुना धडा गिरवावा लागणार आहे. मुंबईनेही तो विसरून चालत नाही. २०१० साली या शहरात ७६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. दुसरीकडे, ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर २१ ही लस २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केल्यावर २०२४ पासून आफ्रिकेतील मुलांना मिळू लागली. लसही पुरती ढाल नव्हे. ती जाळीच्या जोडीने वापरायची आहे. २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली, त्यांतली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि त्यांतली तीनचतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती.

भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे ध्येय ठेवले आहे. रुग्ण बरेच कमी झाले आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण १९६५ सालीही ते कमी झाले होते. त्यानंतरच्या अकरा वर्षांत जे घडले, त्यात औषधे आणि डास यांच्याइतकाच विस्मृतीचाही वाटा होता. येथे साहित्याच्या अध्यापकांचे काम सुरू होते असे आम्हांला वाटते. कोयनेलचा कडवटपणा, भिंतीवरच्या तारखा, दुलईखालची हुडहुडी, भट्टीवरच्या रात्री यांच्या आठवणी असलेली माणसे आज आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांत आहेत. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने आजीला किंवा निवृत्त फवारणी कर्मचाऱ्याला चार प्रश्न विचारले, आपल्या बोलीत हिवतापाला, डासांना आणि जाळीला कोणते शब्द आहेत ते टिपून ठेवले, तरी पुष्कळ काम होईल. ग्रामीण कादंबरी शिकवताना पात्र काय बोलते हे आपण नेहमीच विचारतो. पावसाळ्याच्या दिवसांत ते कोठे निजते, हेही विचारून पाहायला हरकत नाही.